यादीतली रिकामी वर्षं : देशाचा बुद्धिबळपटू कोण निवडतं?

मॅन्युएल आरॉन, १९६१. रोहिणी खाडिलकर, १९८०. दिब्येंदू बरुआ, १९८३. प्रवीण ठिपसे, १९८४. विश्वनाथन आनंद, १९८५. डी. व्ही. प्रसाद आणि भाग्यश्री साठे-ठिपसे, १९८७. अनुपमा अभ्यंकर-गोखले, १९९०.

बुद्धिबळासाठी अर्जुन पुरस्कार मिळालेल्यांची ही पहिल्या तीस वर्षांची यादी. आठ नावं, मिनिटभरात वाचून होतात. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा वहीत एक वाक्य लिहून टाकलं होतं : ‘१९६१ ते १९८० या काळात भारतात पुरस्काराच्या तोडीचा बुद्धिबळपटू घडला नाही.’ तेच वाक्य पुढे प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यातही गेलं. मसुदा परत आला तेव्हा गाइडनी त्या वाक्याभोवती लाल पेनाने गोल केला होता आणि शेजारी दोनच शब्द लिहिले होते : ‘कोण म्हणतं?’

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची तयारी करताय, काहींचं सारांश आराखड्याचं काम सुरू आहे. म्हणून त्या दोन शब्दांची गोष्ट सविस्तर सांगतो. विषय खेळाचा आहे, पण तुमचा विषय साहित्य अकादमीचे मानकरी असोत की आदर्श शिक्षक पुरस्कार, अडचण हीच येणार.

आधी हा पुरस्कार देतं कोण ते बघू. अर्जुन पुरस्कार केंद्र सरकारने १९६१ मध्ये सुरू केला आणि बुद्धिबळातून पहिल्याच वर्षी आरॉन यांची निवड झाली. ते भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर, आणि हा किताबही त्यांना १९६१ मध्येच मिळाला. म्हणजे ही निवड सरळ आहे, कुणालाही पटेल अशी. पण पद्धत लक्षात घ्या. खेळाच्या महासंघाने नाव पुढे करायचं, सरकारने नेमलेल्या समितीने निवडायचं. नंतरच्या नियमांप्रमाणे खेळाडूची आधीच्या चार वर्षांतली सातत्याची कामगिरी बघितली जाते, शिवाय नेतृत्व, खिलाडूवृत्ती आणि शिस्तही. आणि हा पुरस्कार एका माणसाला एकदाच.

आता या तीन गोष्टी एकत्र ठेवा. महासंघाने नाव पाठवलंच नाही, तर समितीपुढे ते येणारच नाही. चार वर्षांची कामगिरी बघायची म्हटल्यावर ‘या वर्षीचा सर्वोत्तम’ असा त्याचा अर्थ राहत नाही. आणि एकदा मिळालेल्याला पुन्हा मिळत नाही, म्हणजे एखादा खेळाडू सलग दहा वर्षं देशात पहिला असला तरी यादीत त्याचं नाव एकदाच दिसणार. आपण मात्र ही यादी ‘दरवर्षीचा देशातला सर्वोत्तम बुद्धिबळपटू’ अशी वाचतो. वर्तमानपत्रंही तशीच छापतात.

खरोखर ‘वर्षाचा खेळाडू’ निवडण्याची पद्धत कशी असते, याचं उदाहरण जागतिक बुद्धिबळात आहे. त्याला ‘चेस ऑस्कर’ म्हणायचे. १९६७ मध्ये बुद्धिबळ पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो सुरू केला आणि पहिला मान डेन्मार्कच्या बेंट लार्सनला मिळाला. १९८८ नंतर तो बंद पडला. पुढे ‘६४’ या रशियन मासिकाने १९९५ च्या खेळासाठी तो पुन्हा सुरू केला आणि २०१३ पर्यंत चालवला. मत देणारे पत्रकार आणि जाणकार, प्रश्न एकच : सरलेल्या वर्षात सगळ्यात भारी कोण खेळलं? त्यामुळे आनंदला तो सहा वेळा मिळू शकला : १९९७, १९९८, २००३, २००४, २००७ आणि २००८. आनंदचं अर्जुनच्या यादीतलं नाव एकदाच, १९८५ ला. तेव्हा तो राष्ट्रीय विजेताही झालेला नव्हता. राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने १९८६ मध्ये जिंकलं. एकाच खेळाडूला दोन याद्यांमधून बघितलं तर दोन वेगळी माणसं दिसतात.

आता त्या एकोणीस वर्षांकडे येऊ.

मोकळ्या जागेत काय होतं हे शोधायचं तर यादीबाहेरचे दोन कागद लागतात : स्पर्धांचे निकाल आणि किताबांच्या नोंदी. मी एक साधा तक्ता केला. डावीकडे साल, मग राष्ट्रीय विजेते, मग आंतरराष्ट्रीय निकाल आणि किताब, आणि अगदी उजवीकडे पुरस्कार. उजवा रकाना जवळजवळ रिकामा राहिला, मधले मात्र भरत गेले. आरॉन स्वतः १९५९ ते १९८१ या काळात नऊ वेळा राष्ट्रीय विजेते होते. म्हणजे या रिकाम्या वर्षांतल्या बऱ्याच वर्षी देशातला पहिला खेळाडू तोच होता, ज्याला पुरस्कार आधीच मिळून गेला होता. माझ्या वाक्याची अर्धी हवा तर इथेच गेली.

उरलेल्या अर्ध्यात १९७४ चं साल येतं. त्या वर्षी महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढची बरीच वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घरातून फारसं बाहेर गेलं नाही. आपल्याकडे बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ती सांगली, भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळे. (खरी पंढरी आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहे, पण पटावर आपण सांगलीकरांना मान द्यावा लागतो.) महिलांच्या बुद्धिबळाचं पहिलं मोठं पान मात्र मुंबईच्या एका घरात लिहिलं गेलं.

१९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी महिलांची राष्ट्रीय विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली आणि गदारोळ उठला. मुलगी पुरुषांच्या स्पर्धेत कशी? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष होते मॅक्स युवे, हॉलंडचे माजी जगज्जेते. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना खेळण्यापासून अडवता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

इथे जरा थांबा. हा प्रसंग पुरस्कारांच्या यादीत कुठे दिसतो? कुठेच नाही. १९७६ च्या पुढे आडवी रेघ आहे. भारतीय बुद्धिबळात कोणाला खेळता येईल, हा प्रश्न ज्या वर्षी न्यायालयात लढवला गेला, ते वर्ष माझ्या पहिल्या मसुद्यात ‘कोणी घडलं नाही’ या वाक्याखाली गाडलं गेलं होतं. मला याची आजही थोडी लाज वाटते.

राज्य पातळीवर मात्र नोंद आधी झाली. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार रोहिणीला १९७७ मध्ये मिळाला, केंद्राचा अर्जुन १९८० मध्ये. म्हणजे मुंबईने जे तीन वर्षं आधी पाहिलं ते दिल्लीला नंतर दिसलं, असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. दोन्ही पुरस्कारांचे निकष वेगळे, आणि राज्याच्या पुरस्कारासाठी स्पर्धक कमी. तुम्ही फक्त एवढंच म्हणू शकता, की दोन निवडींमध्ये तीन वर्षांचं अंतर आहे. अंतर का, याचं उत्तर यादीत नसतं. ते फायलींमध्ये असतं.

जयश्री खाडिलकर यांचंही बघा. १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. धाकट्या रोहिणीला हा किताब १९८१ मध्ये मिळाला, म्हणजे अर्जुन पुरस्काराच्या सालानंतर. फक्त किताबाच्या मोजपट्टीने बघितलं तर १९८० मध्ये मोठी बहीण पुढे होती. अर्जुनच्या यादीत मात्र तिचं नाव नाही. यावरून समितीने चूक केली असं ठरत नाही, कारण रोहिणीच्या बाजूला १९७७ ते १९७९ अशी सलग राष्ट्रीय विजेतेपदं होती. ठरतं ते इतकंच, की ‘सर्वोत्तम’ हा शब्द वापरताना कुठली मोजपट्टी वापरली ते आपण सांगितलं पाहिजे. किताबाची एक, राष्ट्रीय विजेतेपदाची दुसरी, आणि पुरुषांसमोर बसण्याची तिसरी. ही तिसरी कुठल्याही नियमावलीत नसते.

आता सालाचा घोळ. रोहिणीच्या पुरस्कारापुढे काही ठिकाणी १९८० असतं, काही ठिकाणी १९८०-८१. क्षुल्लक वाटेल, पण नाही. १९८१ मध्ये हैदराबादला झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत ती एकही डाव न हरता, बारापैकी साडेअकरा गुणांनी जिंकली. आशियाई विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तुम्ही १९८०-८१ वाचलंत आणि घाईत असाल, तर ‘आशियाई विजेतेपदाबद्दल अर्जुन’ असं लिहून मोकळे व्हाल. वाक्य छान जमेल आणि कारण परिणामाच्या मागे जाऊन बसेल. ज्या वर्षासाठी पुरस्कार, ज्या वर्षी जाहीर, आणि ज्या दिवशी हातात, या तीन वेगळ्या तारखा आहेत. अगदी ताजं उदाहरण घ्या : डी. गुकेशचा खेलरत्न २०२४ सालचा, पण राष्ट्रपती भवनात तो दिला गेला १७ जानेवारी २०२५ ला. पन्नास वर्षांनी कुणी तरी यावरून वाद घालणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

१९८० चं आणखी एक नाव आहे आणि ते मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत जास्त टोचलं. भोपाळचे रफीक खान. पेशाने सुतार. १९८० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माल्टाला बुद्धिबळ ऑलिंपियाड झालं, त्यात त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक जिंकलं. ऑलिंपियाडमध्ये असं पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. अर्जुनच्या यादीत ते नाहीत.

यावर लेख लिहायचा तर सोपी वाट समोर दिसते : एकीकडे मुंबईच्या वर्तमानपत्राच्या संपादकाची मुलगी, दुसरीकडे भोपाळचा सुतार, आणि पुरस्कार कोणाला मिळाला बघा. अशी वाक्यं पटकन टाळ्या घेतात. पण तारखा लावून बघा. माल्टाचं ऑलिंपियाड संपलं डिसेंबर १९८० मध्ये. त्यामुळे १९८० च्या पुरस्कारासाठी ही दोन नावं एकमेकांसमोर होती, असं गृहीत धरता येत नाही. रोहिणीची जागा रफीक खान यांच्याकडून काढून घेतलेली नव्हती. खरा प्रश्न पुढच्या दोन वर्षांचा आहे. १९८१ आणि १९८२ या दोन्ही वर्षी बुद्धिबळाचा रकाना रिकामा आहे. पदक ताजं होतं, जागा मोकळी होती. मग नाव पाठवलं गेलं का? पाठवलं असेल तर कुठे अडलं? हा संशोधनाचा प्रश्न झाला. आधीचा नुसता हळहळीचा होता. आणि तो सोडवताना आजची चार वर्षांची अट १९८१ ला लावू नका; त्या सालची नियमावली हातात घेऊनच बोला.

संपादकाच्या मुलीचा उल्लेख आलाच आहे तर साधनांबद्दलही सांगतो. रोहिणीचे वडील नीलकंठ खाडिलकर हे ‘नवाकाळ’चे संपादक. ‘नवाकाळ’ सुरू केला नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, १९२३ मध्ये. नीलकंठराव त्यांचे नातू. पुढे जयश्रीताई ‘नवाकाळ’च्या आणि रोहिणीताई ‘संध्याकाळ’च्या संपादक झाल्या. म्हणजे या बहिणींबद्दलचं मराठीतलं बरंचसं छापील साहित्य त्यांच्या घरच्याच छापखान्यातून आलेलं असू शकतं. म्हणून ते टाकून द्यायचं का? मुळीच नाही, तारखा, निकाल, प्रवासाचे तपशील घरच्या पेपरइतके बारीक दुसरीकडे मिळणं कठीण. पण कौतुक किती आणि वाद कसा मांडला, हे दुसऱ्या गावच्या पेपरशी ताडून बघायला हवं. सोलापुरात राहणाऱ्याला इथे उलट फायदा आहे. आपल्याकडचे जुने अंक, ‘संचार’ असेल किंवा वाचनालयात बांधून ठेवलेले पुण्या-मुंबईचे पेपर असतील, या घरापासून लांब आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून कामाला सुरुवात करता येते, त्यासाठी मुंबईचं तिकीट काढायला नको.

शोधताना आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात मी दोनदा पडलो. आडनावं. भाग्यश्री साठे आणि भाग्यश्री ठिपसे एकच. अनुपमा अभ्यंकर आणि अनुपमा गोखले एकच. लग्नाआधीचे निकाल एका नावाने, नंतरचे दुसऱ्या. एकाच नावाने शोधलंत तर अर्धं आयुष्य हाती लागतं आणि तुम्ही लिहून बसता की ‘त्यानंतर ही खेळाडू फारशी दिसत नाही’. प्रवीण ठिपसे किंवा दिब्येंदू बरुआ यांच्या बाबतीत ही चूक होऊच शकत नाही. म्हणजे आपल्या शोधण्याच्या सवयीतच बायकांची कामगिरी गळते. तक्त्यात प्रत्येक खेळाडूपुढे ‘इतर नावं’ असा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

अनुपमाचं उदाहरण वेगळ्या कारणानेही महत्त्वाचं. आशियाई महिला विजेतेपद १९८५ आणि १९८७ ला. पद्मश्री १९८६ ला, म्हणजे शाळा-कॉलेजच्या वयात. आणि अर्जुन मिळाला १९९० मध्ये! देशाचा नागरी सन्मान आधी, खेळाचा पुरस्कार चार वर्षांनी. पुरस्कार म्हणजे पायऱ्या, एक चढला की दुसरा, अशी आपली समजूत असते. सरकार नावाचं एकच डोकं सगळं ठरवतं असंही आपण धरून चालतो. पद्म पुरस्कारांची वाट वेगळी, क्रीडा पुरस्कारांची वेगळी. दोन वाटांवर एकाच मुलीला दोन वेगळ्या वेळी पाहिलं गेलं.

१९९० नंतर यादीत पुन्हा दहा वर्षांची शांतता आहे. पुढचं नाव एस. विजयालक्ष्मी, २००० सालचं. पण ही शांतता पहिल्या शांततेसारखी नाही. या काळात देशातला सर्वांत मोठा खेळाडू आनंद होता, आणि १९९१-९२ मध्ये सुरू झालेल्या खेलरत्नाचा तो पहिलाच मानकरी. बरुआ १९९१ मध्ये आणि ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, भारताचे दुसरे आणि तिसरे. तिघांकडेही अर्जुन आधीच होता. एकदाच मिळण्याचा नियम लक्षात असेल तर रकाना बराचसा आपोआप रिकामा राहतो. तरीही सगळा नाही. पुण्याचे अभिजित कुंटे १९९७ आणि २००० मध्ये राष्ट्रीय विजेते, २००० मध्ये भारताचे चौथे ग्रँडमास्टर. त्यांना अर्जुन नाही. २०२१ मध्ये ध्यानचंद जीवनगौरव मिळाला. ठिपसे यांना ग्रँडमास्टर होण्याच्या तेरा वर्षं आधी अर्जुन, आणि कुंटे यांना ग्रँडमास्टर होऊनही नाही. दोन मराठी खेळाडू, मध्ये बदललेला काळ. एम.ए.च्या लघुप्रबंधाला एवढा विषय पुरेल.

तिसरी शांतता २०१३ नंतरची. अभिजित गुप्ता २०१३, आणि त्यानंतर थेट २०२२ मध्ये आर. प्रज्ञानंद आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी. नऊ वर्षं. इथे एक आकर्षक जुळणी आहे. बुद्धिबळ आशियाई खेळांत २००६ ला दोहामध्ये होतं, २०१० ला ग्वांगझूमध्ये होतं, २०१४ आणि २०१८ ला नव्हतं, आणि पुढच्या हांगझूच्या स्पर्धेत परत आलं. अर्जुनच्या गुणांकनात आशियाई खेळांसारख्या स्पर्धांच्या पदकांना मोठं वजन असतं. जुळलं ना? मलाही जुळलंच असं वाटलं. पण २०२२ चे पुरस्कार आले तेव्हा हांगझूच्या स्पर्धा झाल्याच नव्हत्या. त्या २०२३ पर्यंत लांबल्या. शिवाय २०१९-२० च्या सुमारास महासंघातच अध्यक्षांचा आणि सचिवांचा असे दोन गट भांडत होते, आणि नावं महासंघाकडून जायची. २०२० मध्ये सरकारने खेळाडूंना स्वतः अर्ज करायची मुभा दिली तरी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बुद्धिबळाला अर्जुन नाहीच. म्हणजे कारणं निदान दोन, कदाचित एकमेकांत गुंतलेली. प्रबंधात मी ‘आशियाई खेळांमुळे’ लिहिलेलं खोडून ‘याच काळात’ असं केलं. दोन शब्दांची दुरुस्ती, पण तोंडी परीक्षेत याच दोन शब्दांवर अर्धा तास जाऊ शकतो.

तर ‘कोण म्हणतं?’ या प्रश्नाचं माझं उत्तर शेवटी असं झालं : यादी म्हणते की १९६१ नंतर १९८० पर्यंत बुद्धिबळातून कोणाची निवड झाली नाही. बस्स. घडलं नाही, हे मी म्हटलं होतं.

मसुद्यातलं ते वाक्य आता नाही. तक्ता मात्र भिंतीवर चिकटवलेला आहे. १९७६ च्या ओळीत उजवा रकाना अजून मोकळा, पण मधल्या रकान्यात न्यायालयाची नोंद आहे. १९८० मध्ये दोन नावं, एकापुढे पुरस्कार आणि एकापुढे पदक. १९८१ आणि १९८२ पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली आहेत. त्या दोन वर्षांत महासंघाकडून कोणती नावं दिल्लीला गेली, तो कागद मागवण्याचा माहितीच्या अधिकारातला अर्ज मी या आठवड्यात लिहायला घेतलाय.